शेफालीचा हिरवा आकडा

४ नोव्हेंबर, मंगळवार
आजपासून वॉर्डात कोण जगणार ते कॉम्प्युटर सांगणार! सव्वीस वर्षं हृदयाच्या पेशंटांची सिस्टर आहे मी. दारातून आत येणारा माणूस बघून सांगायचे – हा आठवड्यात घरी, हा नाही. राउंडला मोठे डॉक्टर, आमचे सर, मलाच विचारायचे, "काय हेमाताई, काय अंदाज?" आज विचारलं डॉक्टर शेफालीला. कालची पोरगी! तिनं रक्तदाब, वजन, रिपोर्ट भरले, आकडा आला. तांबडा म्हणजे धोका, हिरवा म्हणजे घरी. सर म्हणाले, "वा!"

५ नोव्हेंबर
जळफळाट होतोय. लिहिलं की बरं वाटेल म्हणून लिहिलं. नाही वाटलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
सात नंबरचे सर्जेराव. हार्ट फेल्युअर, पायांवर सूज. आकडा पिवळा, म्हणजे अधांतरी. त्यांच्या मुक्ताबाई कालपर्यंत सारख्या माझ्यामागे असायच्या. आज शेफालीला गाठून – "मॅडम, मालक घरी येत्याल न्हवं? तुमचं मशीन काय म्हनतंय?" आणि मी शेजारीच इंजेक्शन भरत उभी! जशी काही मी भिंतीवरचं कॅलेंडर.

८ नोव्हेंबर, शनिवार
सर्जेरावांचा आकडा हिरवा! शेफालीनं पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. दुपारी घरी सोडलं.
सकाळी ते तीन उशांना टेकून बसले होते. आडवं होववत नव्हतं, दम लागत होता. मी पाहिलं. बोलले नाही. मला कोणी विचारलं? पडू दे शेफालीला एकदा तोंडघशी.

१० नोव्हेंबर, सोमवार
सर्जेराव परत आले! धापा टाकत, थेट आयसीयूत. सर सगळ्यांसमोर शेफालीवर कडाडले. मग माझ्याकडे वळून, "हेमाताई, तुम्हालाच विचारायला हवं होतं."
खोटं कशाला लिहू – आनंद झाला. घरी येताना जिलबी आणली.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सर्जेराव दुपारी गेले.
शेफाली फाइल मांडीवर घेऊन रडत होती. "सिस्टर, अंगात पाणी साठत होतं, तर शनिवारी वजन वाढायला हवं होतं ना? शुक्रवारइतकंच होतं. माझं कुठे चुकलं?"
"कुठेच नाही," म्हटलं.
शनिवारी मी त्यांना काट्यावर उभंच केलं नव्हतं. तिच्या मशीनसाठी मी कशाला राबू, म्हणून शुक्रवारचंच वजन लिहून टाकलं.