शिवांगी वाचते

१८ जून २०२४

पट सतरा! मागच्या साली बावीस होता. पिवळी गाडी सकाळी साडेआठला मारुतीच्या पारापाशी येते, टाय लावलेली पाच लेकरं उचलते अन् बिलोलीच्या इंग्रजी शाळेत नेते. आमच्याच शाळेतली लेकरं. दोघांनी आज गाडीतून मला हात केला. मीही केला. काय करणार?

संध्याकाळी पारावर बैठक बसली. अजून सहा घरं गाडीच्या नादाला लागलेली. मी अन् उमाशंकर सर – आम्ही दोनच मास्तर, त्यातले ते हेड – कोपऱ्यात उभे, गुन्हेगारासारखे. एक जण म्हणाला, झेडपीत काय शिकवतात, खिचडी खायला शिकवतात. सगळे हसले. तेव्हा रामकिशन उठला. त्याची शिवांगी माझ्याकडं, यंदा चौथीत. म्हणाला, "माझी पोरगी झेडपीतच राहणार. पंधरा ऑगस्टला कशी वाचली ते ऐकलाव की सगळे. तुमचे टायवाले वाचतेत का तसं?" सहाही घरं थांबली.

निघताना त्याची बायको उज्वला जवळ आली. "बाई, तुमचं लेकरू कुठं शिकलं हो?" सहज विचारलं तिनं. आमचा अनिमेष इंग्रजी शाळेत, नांदेडला. पुढं लातूरला क्लास. मी म्हटलं, नांदेडला. एवढंच म्हटलं.

२ जुलै

गोष्टीच्या पुस्तकांचं खोकं आलं. पहिला मान शिवांगीला. म्हटलं, वाच गं, सगळ्यांना ऐकव.

तिनं पुस्तक उघडलं. गप्प. मला वाटलं लाजली. पुन्हा म्हटलं, तर माझ्या तोंडाकडं बघायली – मी पहिला शब्द सांगते का म्हणून. मग सुरू झाली. खणखणीत! पण पुस्तकातलं नाहीच. पुस्तकात कासवाची गोष्ट, अन् ही म्हणून राहिली दुसरीच्या पुस्तकातला धडा. बोट ओळीखालून चाललेलं. पान उलटायच्या जागी पानही उलटलं.

पोरं हसली नाहीत. त्यांना वाटलं, असंच असंल पुस्तकात.

मधल्या सुट्टीत एकटीला बसवलं. फळ्यावर 'कमळ' लिहिलं. वाचलं. 'मळका' लिहिलं. खाली मान. 'काम' नाही. 'पान' नाही. चारही वर्ग एका खोलीत बसतात आमचे – ही पहिलीत होती तेव्हापासून चौथीपर्यंतचे धडे कानावर पडलेले. सगळं ऐकून पाठ! केवढी हुशार पोरगी. अन् तीन वर्षं मी तिला वाचायला शिकवलं नाही. वाचते, वाचते म्हणून तिच्याकडं बघितलंच नाही, जी रडतात त्यांच्याकडं बघत बसले.

"बाई, बाबाला सांगू नका," म्हणाली.

३ जुलै

कोणाला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही.

९ जुलै

शेवटी उमाशंकर सरांना सांगितलं. चहाचा कप खाली ठेवला त्यांनी. म्हणाले, "बाई, गप बसा. रामकिशन गेला की मागं सहा घरं जातेत. मग राहिली का शाळा?" मग मऊ होऊन म्हणाले, रोज अर्धा तास द्या तिला, होतंय सगळं.

अर्धा तास! कुठून आणू? खिचडीचा फोटो चढवा, हजेरी चढवा, आधार जोडा, आता मतदार यादी. वाड्यावस्त्यांवर घरोघर फिरून मेलेले मतदार शोधायचे. सत्तावीस वर्षं नोकरी झाली, अन् हल्ली सगळं करून राहिले, शिकवायचं सोडून. पण हे रडगाणं किती गाऊ? पोरगी माझ्या डोळ्यासमोर बसली होती. तेव्हा मतदार यादी नव्हती.

१५ ऑगस्ट

करू नये ते केलं.

गाव जमलं होतं. रामकिशननं दोन दिवस आधीच सांगून ठेवलं – बाई, यंदा पण आमच्या शिवांगीचं वाचन ठेवा. मी तिला तिसरीचं जुनं पुस्तक दिलं, तिला पाठ असलेल्या धड्याचं. पान मीच काढून दिलं. काय वाचली! एक श्वास कुठं चुकला नाही. पहिल्या रांगेत तिची आज्जी विठाबाई बसलेली, एका डोळ्याला मोतीबिंदू, दुसरा तर कधीचाच गेलेला. पदर तोंडाला लावून ऐकत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

शिवांगीनं उतरताना माझ्याकडं बघितलं. आता आम्ही दोघी एकीला एक सामील झालो.

२८ सप्टेंबर

घटक चाचणी. सरांनी उत्तरं फळ्यावर लिहिली. शिवांगीचं अक्षर मोत्यासारखं – जसंच्या तसं उतरवून काढते. अ श्रेणी दिली. तिचा अर्धा तास या महिन्यात तीनदा झाला. फक्त तीनदा.

१६ ऑक्टोबर

शिवांगी चार दिवस नाही, म्हणून घरी गेले. विठाबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोफत शिबिरात. सोयाबीन काढायला आलंय, मजूर मिळत नाही, घरची सगळी रानात. म्हातारीपाशी शिवांगी. उज्वला भाकरी बांधून निघायच्या घाईत होती. भिंतीतल्या देवळीत दोन बाटल्या – एक डोळ्याची, शिबिरातली. दुसरी कानाची, बिलोलीच्या डॉक्टरकडची, म्हातारीचा कान वाहतोय म्हणून. दोन्ही बोटाएवढ्या. दोन्हीला चिठ्ठी गुंडाळून रबर लावलेलं.

उज्वला म्हणाली, "मला वाचता येत न्हाई, अन् गडबडीत ध्यानात राहत न्हाई बाई, कोणची कशाची. चिठ्ठीवर लिहिलंय सगळं. शिवांगी वाचून घालती. शिकवलाव तुम्ही, म्हणून जमतंय हे." अन् माझ्यासाठी चहा टाकला.

शिवांगी दाराच्या चौकटीला टेकून उभी. माझ्याकडं बघत नव्हती.

विचारायला पाहिजे होतं – दाखव गं, डोळ्याची कोणती. एवढंच. पण उज्वलासमोर कसं विचारू? पोरगी अडखळली असती तर? मनाला म्हटलं, रामकिशन सांगून गेला असंल, पोरगी हुशार आहे, खूण लक्षात ठेवते. चहा पिऊन आले.

१७ ऑक्टोबर

आज जाऊन बघायचं होतं. मतदार यादीची बैठक लागली, तहसीलला. उद्या.

२० ऑक्टोबर

नाही जमलं.

११ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. शाळेत पाय ठेवला अन् खिचडीवाल्या मावशींनी सांगितलं – विठाबाईचा डोळा गेला.

ऑपरेशननंतर डोळ्यात आग होत होती म्हणे. सगळ्यांनी म्हटलं, होतीच, चिरलेला डोळा आहे. आठव्या दिवशी दाखवायला न्यायचं तर मळणी आली. डोळा पिकला तेव्हा नांदेडला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

शिवांगी वर्गात होती. हजेरीला "हजर" म्हणाली.

१३ नोव्हेंबर

भेटायला गेले. विठाबाई बाजेवर, डोळ्यावर पट्टी. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "बाई आल्याव का? बसा. पोरीनं लई केलं माझं. टायमावर थेंब घातलं, एक डाव चुकली न्हाई."

उज्वला पाणी आणायला आत गेली. देवळीत बाटल्या तशाच होत्या. मी उठून बघितल्या. निळ्या शाईची चिठ्ठी – डोळ्यात, दिवसातून चार वेळा. बाटली बरीचशी भरलेली, रोज दोनच थेंब गेल्यासारखी. लाल शाईची चिठ्ठी – कानात, रोज दोन थेंब. बाटली रिकामी.

कानात. जोडाक्षर नाही, वेलांटी नाही. पहिलीतल्या लेकराला दिवाळीच्या आत यावा असा शब्द.

लाल चिठ्ठी मी रबरातून ओढून काढली. पर्समध्ये टाकली. उज्वला पाणी घेऊन आली, मी प्याले. आता ती चिठ्ठी या वहीत आहे. पोरीसाठी लपवली असं लिहायला निघाले होते. खोटं आहे. स्वतःसाठी लपवली.

१८ नोव्हेंबर

रामकिशन पारावर सगळ्यांना सांगत होता, फुकटचं ऑपरेशन असंच, शिबिरवाल्यांनी माझ्या मायचा डोळा खाल्ला. अर्ज देणार म्हणे. मला बघून उठून उभा राहिला. "बसा की बाई." मी बसले नाही. कुठल्यातरी डॉक्टरला तिथं शिव्या बसत होत्या अन् मी स्कूटीला किल्ली लावली.

२५ नोव्हेंबर

निवडणूक संपली. आजपासून रोज मधल्या सुट्टीत शिवांगी अन् मी. सरांना सांगितलं, आता मला कुणी फोटो चढवायला सांगू नका, सांगितलं तर मी मोबाइल हौदात टाकीन. फोटो आता सरच काढून राहिले.

पाठ्यपुस्तक बंद. तिला पाठ नसलेलं पाहिजे. बियाण्याची पिशवी, तेलाचा डबा, भिंतीवरची जाहिरात, एसटीची पाटी.

९ डिसेंबर

'तांदूळ' आलं! पोत्यावरचं. स्वतः. मी तिला कुशीत घेतलं अन् रडायला आलं. ती घाबरली, म्हणाली, चुकलं का बाई?

३ जानेवारी २०२५

झरझर येतंय. काळ्या मातीत बी पडल्यासारखं. सहा आठवडे लागले. सहाच! हे तीन वर्षांपूर्वी केलं असतं तर म्हातारी आज बघत असती.

आता घरी सांगायचं. रोज ठरवते. आधी पोरीला नीट वाचता येऊ दे, मग सांगू – असं म्हणत ढकलते. पोरीला तरी माहीत आहे का? विचारायची हिंमत नाही. तिलाही वाटत असंल ऑपरेशनच वाईट झालं. घरात तेच चाललंय.

२६ जानेवारी

आज ठरवलं होतं – खरं वाचन. तिनं कधी न बघितलेलं पुस्तक. नवं कोरं.

उभी राहिली. बोट ठेवलं. वाचली. हळू. जोडाक्षरापाशी थांबली, पुटपुटली, मागं आली, पुन्हा गेली. एक पान वाचायला केवढा वेळ! पण एक-एक शब्द तिचा. माझा ऊर भरून आला.

गाव मात्र चुळबुळ करू लागलं. मागून कुणीतरी म्हणालं, पोरगी बिघडली की हो. पिवळ्या गाडीवाले हसले. टाळ्या पडल्या त्या उपकाराच्या. रामकिशनचं तोंड एवढंएवढं झालं. झेंड्यापाशी मला गाठलं. चिडला नव्हता, तेच वाईट. "बाई, पहिलीत असताना बरी वाचत होती हो. चौथीत असं कसं? मी सगळ्यांम्होरं तुमच्यासाठी बोललो होतो." मी म्हटलं, रामकिशन, आज ती खरी वाचली. त्याला ते कळेना. म्हणाला, "पाचवीला आता झेडपी नको, बिलोलीलाच घालतो म्हणून राहिलोय. माफ करा." माफी तो मागत होता!

विठाबाईला उज्वला हाताला धरून घेऊन आली होती. जाताना माझ्यापाशी थांबवायला लावलं. चाचपून माझा खांदा धरला. हळूच म्हणाली, "आधी बोलत व्हती बाई. आज वाचली."

म्हातारीला सगळं कळत होतं का? किती कळत होतं? मी तिच्या पाया पडले. लोकांना वाटलं, म्हातारं माणूस म्हणून.

२९ जानेवारी

ठरलं. शनिवारी जाते. शिवांगीला नको, रामकिशन अन् उज्वलाला बसवून सांगायचं. चिठ्ठी पुढं ठेवायची. चूक पोरीची नाही, माझी. शाळा राहो नाही तर जावो. वही पर्समध्ये ठेवली आहे, चिठ्ठीसकट, म्हणजे पाय मागं घेता येणार नाही.

३० जानेवारी

मधल्या सुट्टीत पेन काढायला वही बाहेर काढली अन् टेबलावर राहिली. मी हौदावर हात धुवायला गेले. परत आले तर शिवांगी टेबलापाशी. हल्ली दिसेल ते वाचते. वही उघडली नव्हती तिनं. लाल चिठ्ठी बाहेर डोकावत होती, तेवढीच ओढलेली.

बोट ठेवून मोठ्यानं वाचत होती. "कानात. रोज दोन थेंब." एकदाही अडखळली नाही. मग शाई बघितली. चिठ्ठी उलटी केली, सुलटी केली. पुन्हा वाचली, आता मनात.

"बाई," म्हणाली, "ही तर मी आज्जीच्या डोळ्यात..."

अन् तोवर माझ्या तोंडातून, सत्तावीस वर्षांच्या सवयीनं, निघून गेलं होतं – शाब्बास.