चर्चेची वेळ कोणी बदलली?

वडीगोद्री, २६ नोव्हेंबर

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. हे फोनवर बोलता येत नाही. घरात प्रचाराची माणसं सारखी असतात आणि त्यातलं आपलं कोण, हे मला हल्ली कळेनासं झालंय. म्हणून पत्र लिहून सोमेश्वर कंडक्टरच्या हाती जालन्याला पाठवते.

पंचायत समितीला उभ्या असलेल्या आम्हा उमेदवारांची समोरासमोर चर्चा अजमतभाई त्यांच्या केबलवर थेट दाखवणार आहेत. आधी वेळ रात्री साडेआठची होती. बायका वेचणीहून येऊन, भाकरी करून टीव्हीपुढे टेकतात, ती वेळ. काल अचानक कळलं, पुढच्या गुरुवारी, चार तारखेला, दुपारी बारा! तुम्हीच सांगा, कापसाच्या ऐन हंगामात बाराला गावात टीव्ही कोण बघतं? टपरीवरचे रिकामटेकडे आणि राधेश्यामच्या बियाण्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं. आणि राधेश्यामच माझ्याविरुद्ध उभा आहे. मी वेचणीवाल्या बायकांच्या लेकरांसाठी पाळणाघर मागणार, आणि मी मागेन तेव्हा त्याच बायका रानात! माझ्याकडे ना गाड्या, ना भोंगे. ही एक चर्चाच काय ती होती. ती वाया गेली तर मी पडलेच म्हणून समजा.

वेचणीच्या टोळीची मुकादम बेबीनंदा, जिच्या जिवावर माझा प्रचार चाललाय, तीही म्हणते की हे बराबर ठरवून केलंय, कुणाची तरी फूस हाय. अजमतभाई तुमचे वर्गमित्र. त्यांना जरा खोदून विचारा.

लोभ आहेच, मतदान होईपर्यंत त्यात थोडी भर घालावी.

तुमची,
शरयू

जालना, २७ नोव्हेंबर

चि. सौ. शरयूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझा संशयी स्वभाव काही जात नाही. लहानपणीही ताटातली भजी मीच पळवली असं धरून बसायचीस. (बहुतेक वेळा मीच पळवलेली असायची, ते सोड.)

अजमत तसा माणूस नाही. आणि दुपारची वेळ वाईट का म्हणून? उजेड चांगला असतो, डोकं ताजं असतं. तू उगाच मागे लागू नकोस, बोलायची तयारी कर. आईची हिरवी साडी नेस. बसताना पूर्वेकडे तोंड येईल अशी खुर्ची मागून घे आणि निघताना दही-साखर विसरू नकोस. बाकी सगळं मी बघितलेलं आहे.

तब्येतीला जप, आणि या थोरल्या भावावर विश्वास ठेव, एवढंच मागणं.

तुझा,
श्रीपतीदादा

वडीगोद्री, ३० नोव्हेंबर

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्रानं समाधान झालं नाही, म्हणून मीच अजमतभाईंना फोन केला. ते म्हणाले की वेळ तुमच्याच माणसाच्या सांगण्यावरून बदलली, नाव बिलकुल सांगणार नाही, जबान दिली आहे. माझाच माणूस! तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसते.

आणि तो सापडलाय असं वाटतं. सोमेश्वर सांगत होता की बेबीनंदा काल त्याच्या गाडीनं जालन्याला गेल्ती. वेचणी टाकून, मला न सांगता! विचारलं तर म्हणाली डोळे दाखवायला गेल्ते. कोणत्या डॉक्टरला, ते मात्र सांगता येईना. गावात कुणाला दिसू नये म्हणून राधेश्यामचं बक्षीस तिकडे घ्यायलाच गेली असणार, दुसरं काय? सगळ्यांच्या देखत सांगितलं तिला की उद्यापासून माझ्या दारात येऊ नकोस. ती पदर खोचून तशीच रानाकडे चालती झाली. खरी असती तर भांडली नसती का?

फार वाईट वाटतंय, दादा. तिचं पोर माझ्या मांडीवर वाढलंय. तुम्ही तरी माझे राहा.

तुमची,
शरयू

जालना, २ डिसेंबर

चि. सौ. शरयूस आशीर्वाद.

हे लिहिताना लाज वाटते आहे. वेळ मी बदलून घेतली.

तुझी चर्चा ठरली तेव्हा मी पंचांग उघडलं. रात्रीची वेळ तुझ्या राशीला धड नव्हती. गुरुवारी दुपारी अभिजित मुहूर्त होता, म्हणून अजमतच्या हातापाया पडून बारा वाजता करायला लावलं आणि माझं नाव सांगू नको म्हणालो. तू कधी बोलावंस एवढंच मी बघितलं. तेव्हा टीव्हीपुढे कोण असेल, हे डोक्यातच आलं नाही.

बेबीनंदा शनिवारी माझ्याकडे आली होती. माझं पत्र तू तिला वाचून दाखवलंस, त्यातल्या पूर्वेच्या खुर्चीवरून आणि दही-साखरेवरून, मुहूर्त बघून वेळ बदलणारा मीच, हे तिनं ओळखलं. वेळ परत रात्रीची करा म्हणून तासभर विनवत होती. म्हणाली की बोलणारीचा मुहूर्त बघितला, ऐकणारीचा कोण बघावा. मीच तिला शपथ घातली की शरयूला सांगू नकोस, तिच्यासमोर माझी मान खाली जाईल, मी अजमतला सांगून बघतो. सांगून बघितलं. बाकीच्या उमेदवारांना कळवून झालंय, आता काही होत नाही म्हणाला.

तिच्याकडे जा. मला माफ करायचं की नाही, ते सावकाश ठरव.

तुझा,
श्रीपतीदादा

वडीगोद्री, ४ डिसेंबर

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा राग आलाय आणि तो लवकर जाणार नाही. पण माझा स्वतःचा जास्त आलाय. काल दोनदा बेबीनंदाच्या दारापर्यंत गेले आणि मागे फिरले. धीरच होईना.

आज चर्चा झाली. खुर्ची पूर्वेलाच होती, तुमच्या समाधानासाठी सांगते. पाळणाघराचं बोलायच्या आधी मी केबलवर, बेबीनंदाचं नाव घेऊन, हात जोडून माफी मागितली. राधेश्यामसुद्धा चकित झाला. फार मोठं काही केल्यासारखं वाटलं मला. येताना गाडीत डोळे पुसत होते.

संध्याकाळी ती रानातून येताना वाटेत भेटली. मी सगळं सांगितलं. ती डोक्यावरचं कापसाचं गाठोडं न उतरवता ऐकत होती. मग म्हणाली की बारा वाजता मी कुठं असते ते तुम्हाला ठावं हाय. तवा मागितलेली माफी टपरीवाल्यांनी ऐकली असंल, मी न्हाई ऐकली. मागायचीच असंल तर साडेआठला पारावर या, समद्या बायका असतील, त्यांच्यापुढं मला घालवलं तसं त्यांच्यापुढंच बोला. मंग बघू.

आठ वाजून गेलेत. चपला घालते आणि निघते.

लोभ राहू द्या, पंचांग मात्र माळ्यावर टाका.

तुमची,
शरयू