घरातलीच गोळी

औरंगाबाद, ९ नोव्हेंबर १९९३

ती. अक्कास, वच्छलाचा शि. सा. न. वि. वि.

तू सोयगावला सुखरूप पोचल्याचं कळलं. गोळ्या संपायच्या आत पुढच्या पाठवते आहे. बसचे कंडक्टर कारभारी आमच्याच गल्लीतले, घरी आणून देतील. पांढरी बीपीची, सकाळी. गुलाबी कोलेस्टेरॉलची, रात्री जेवल्यावर. डॉक्टरांचं बोलणं पुन्हा लिहिते, कारण ऐकताना तू खिडकीबाहेर बघत होतीस. बरं वाटलं म्हणून गोळी सोडायची नाही. गोळी चालू आहे म्हणूनच बरं वाटतं.

लोणच्याच्या बरणीला दाजींनी कुलूप लावावं. किल्ली तू शोधशील, हेही मला माहीत आहे.

आशाला बाळंतपणाला कधी आणणार ते कळव. धाकट्या बहिणीवर माया आहे तशीच राहू दे.

वच्छला


सोयगाव, २ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. वच्छलास अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

गोळ्या मला लई मानवल्या. चक्कर गेली, डोकं हलकं झालं. तुझे दाजी म्हणतात, आता भांडायला नवा जोर आलाय.

आशा संक्रांतीच्या आधीच आली. सातवा सरला. आली तेव्हा पायांवर सूज होती, बोट दाबलं की खळगा राहायचा, आणि डोकं दुखायचं. दवाखान्यातल्या नर्सबाईनं बीपी वाढलंय म्हणून शहरात दाखवायला सांगितलं. मी म्हटलं, दुखणं तेच, गोळी घरातलीच, मग पोटुशीला बसचे हादरे कशाला? तेव्हापासून माझ्यातल्याच दोन्ही गोळ्या तिला देते. डोकं थांबलं तिचं. माझीच लेक ती, मला मानवलं ते तिला नाय का मानवणार?

एवढंच की पोट वाढेना, आणि बाळ पहिल्यासारखं हलत नाय म्हणते. बापासारखं शांत असेल.

पुढच्या खेपेला दोघींना पुरतील एवढ्या गोळ्या धाड. घरच्यांना आमची आठवण सांग.

अक्का


औरंगाबाद, ५ फेब्रुवारी १९९४

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

हे वाचताच आशाला गोळी देणं थांबव. एकही देऊ नकोस. तुझी मात्र चालू ठेव.

तुझं पत्र घेऊन मी तशीच डॉक्टरांकडे गेले. कितवा महिना, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. दोन्ही गोळ्या गरोदर बाईला चालत नाहीत म्हणाले. पांढरीनं पोटातल्या बाळाच्या किडनीला धोका होतो, त्याच्या भोवतीचं पाणी आटतं. गरोदरपणातल्या बीपीचं औषध वेगळं असतं. आता थांबवलं तर भरून निघेल का, असं मी विचारलं. त्यावर ते एवढंच म्हणाले, आधी तिला इथं आणा.

सोयगावचा फोन लागत नाही. म्हणून आमचे हेच जीप घेऊन निघालेत, पत्र त्यांच्या हाती देते आहे. वाटेत फुलंब्रीहून जावईबापूंना घेतील. आशाला लगेच बसवून दे. तिच्यासमोर रडू नकोस.

वच्छला


सोयगाव, २८ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. वच्छलास आशीर्वाद, वि. वि.

बाळाला माती दिल्यावर जावई बद्रीनाथ आले होते, आशाचे कपडे न्यायला. ती फुलंब्रीला सासरीच राहणार म्हणाले. ऑपरेशन करून काढलं, मुलगा होता, कपाळ आशाचं होतं, पण त्याला लघवी झालीच नाय. मला एका शब्दानं बोलले नाय. बोलले असते तर बरं झालं असतं. दारातच पाणी पिऊन गेले.

तू लिहिलंस, डॉक्टर म्हणाले की नुसत्या गोळीनंच झालं असं सांगता येत नाही, तिचं बीपीही वाईट होतं. माझ्यासाठी लिहिलंस, ते कळलं मला.

माझ्या गोळ्या मी चुलीत टाकल्या. ज्यानं नातू गेला ते कोणत्या तोंडानं गिळू? कारभारींनी आणलेलं नवं पाकीट परत धाडलं. तुझ्या दाजींना सांगितलेलं नाय. डोकं ठणकतं, डाव्या हाताला मुंग्या येतात. येऊ देत.

आशाला यातलं काही कळवू नको. तू मात्र मला टाकू नको.

अक्का


सोयगाव, ६ मार्च १९९४

ती. वच्छलामावशीस, आशाचा सा. न. वि. वि.

आईनं नको म्हटलं असताना तू तिचं पत्र मला दाखवलंस, फार बरं केलंस. टाके अजून ओढतात, सासूबाई नको म्हणत होत्या, पण हे सोबत आले.

आई ओसरीवर बसली होती. डावा हात मांडीवर पडलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. बोलताना जीभ अडखळत होती. बाबांना वाटलं, दुःखानं अशी झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बीपी मोजलं, पट्टा सोडून पुन्हा मोजलं. झटका येऊन गेलाय, चार-पाच दिवस झाले असतील म्हणाले. दुसरा आला तर मोठा असेल. पाणी गिळता येतंय हे पाहून त्यांनी गोळी सुरू करायला सांगितली आणि शहरात न्यायला चिठ्ठी दिली. जीप सकाळी मिळतेय. ही बस आधी पोचेल म्हणून पत्र कारभारीमामांकडे देते. तिथं दवाखान्यात खाटेचं सांगून ठेव.

गोळी द्यायला गेले तर तिनं दात आवळले. नर्सबाई थकल्या, बाबा थकले. मग मी तिला सांगितलं, की डोकं माझं दुखत होतं, रोज सकाळी गोळीसाठी हात मीच पुढं करत होते. बाळ गेलं ते येणार नाही, पण तू गेलीस तर मी कुणाच्या दारात येऊन रडू? तेव्हा तिनं तोंड उघडलं.

गोळी गिळल्यावर तिच्या डाव्या मुठीत मी माझं बोट घातलं. बोट तिथंच होतं. मग तिनं मला विचारलं, तू हात का धरत नाहीस म्हणून.

मावशी, उद्या आमच्याजवळ राहा.

तुझी
आशा