गरमीचे बटण दाबताच गारठणाऱ्या घराबाबत

दिनांक : १७ जानेवारी

प्रति,
मा. संचालक श्री. प्रेस्कॉट डायर,
ज्येष्ठ नागरिक घरकुल कार्यालय,
नगर सभागृह, क्विंबी हार्बर, मेन राज्य

विषय : घर क्र. ७ मधील थर्मोस्टॅटची उलटी जोडणी दुरुस्त करून त्यावरील कुलूप आजच्या आज काढण्याबाबत.
संदर्भ : 'उपकरणाचा गैरवापर' या मथळ्याचे, माझ्या दाराच्या फटीत खोचलेले आपले पत्र.

महोदय,

१. मी, श्रीमती व्हर्ना पेल्की, घर क्र. ७, आपणास अपरिचित नाही. गावच्या शाळेची बस मी चालवत असे आणि मागच्या बाकावरून सर्वांत मोठा आरडाओरडा आपला असे. मुले चढण्याआधी मी ती बस तापवून ठेवत असे, एवढे आपल्या स्मरणात असावे. आता मूळ तक्रारीकडे वळते.

२. पानगळीच्या दिवसांत आपल्या कार्यालयाने आमच्या भिंतींवरचे, घराचे तापमान राखणारे जुने, साधे थर्मोस्टॅट उपटून तेथे नवे, कार्यालयात बसूनही चालवता येणारे हुशार थर्मोस्टॅट बसवले. मागणी कोणीही केली नव्हती. बसवणारा टॉड हा मनुष्य तारा जोडताना फोनवर हरणाच्या शिकारीच्या गप्पा मारत होता. घर गरम-गार करणाऱ्या यंत्रात, म्हणजे हीट पंपात, एक झडप असते. ती एका बाजूला असली की यंत्र घर गरम करते, दुसऱ्या बाजूला गेली की गार. त्या झडपेची तार नारंगी. नव्या थर्मोस्टॅटला जोडणी करताना सांगावे लागते की, या तारेत वीज सोडली असता यंत्र गार करते की गरम. इकडची बहुतेक यंत्रे गार करतात. आमचे गरम करते. टॉडने सवयीने 'गार' असे सांगून टाकले आणि तो निघून गेला.

३. परिणामी पहिल्या थंडीत मी गरमीचे बटण दाबले आणि छताजवळून बर्फगार वारा सुटला. मी कार्यालयास फोन केला. तेथील कु. ट्रिना अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या, "अगंबाई, गारठलात का? थांबा हं आजी, मी इथूनच वाढवते." त्यांनी वाढवले. वारा अधिकच जोरात आला. मी पुन्हा फोन केला, त्यांनी पुन्हा वाढवले. महोदय, त्या मुलीच्या दयेने मी गोठून मरणार होते.

४. सुटका केली ती घर क्र. ८ च्या मर्टल हॅस्केल यांनी. चष्मा सापडेना म्हणून त्यांनी चुकून गारव्याचे बटण दाबले आणि त्यांचे घर उबदार झाले. गाऊनवरच त्या माझ्याकडे धावत आल्या. "व्हर्ना, गार कर म्हटलं की गरम करतंय गं मेलं!" तेव्हापासून आम्ही दोघी गारव्याच्या बटणावर हिवाळा काढत आहोत. यातही सुख नाही. घर तापले तरी थर्मोस्टॅटला वाटते, अजून गार झाले नाही, आणि यंत्र थांबत नाही. म्हणून विणकाम घेऊन त्याच्याशेजारीच बसावे लागते आणि घाम फुटला की हाताने बंद करावे लागते. याला आपण हुशार यंत्र म्हणता.

५. यावर आपण काय केलेत? संगणकावर पाहिलेत की दोन म्हाताऱ्या भर जानेवारीत घर गार करत आहेत. दार ठोठावून विचारण्याची तसदी न घेता आपण मर्टल यांच्या मुलीस कळवलेत की, आईला वयामुळे समजेनासे झाले आहे. मुलगी आली आणि आईला घेऊन गेली. मला आपण गैरवापराचे पत्र दिलेत आणि माझा थर्मोस्टॅट संगणकावरूनच 'गरम' वर ठेवून त्यास कुलूप घातलेत, आता माझे एकही बटण चालत नाही. रागाने मला हे नीट लिहवत नाही. थंडीने तर त्याहून लिहवत नाही.

६. टॉड परवा येऊन गेला. भिंतीकडे न पाहता त्याने खिशातला फोन पाहिला. "आजी, गरमी चालू आहे की! हे बघा, लाल दिवा." मी त्याचा हात धरून वाऱ्याखाली नेला. तो म्हणाला, "हं, गारच येतंय. पण नारंगी तारेला सगळीकडे 'गार'च सांगतो मी." यंत्राच्या झाकणाच्या आत आकृती छापलेली आहे, ती पाहा म्हटले, तर कार्यालयाचा लेखी हुकूम लागेल म्हणून हात झटकून गेला.

७. माझे यजमान अर्ल न्यूमोनियातून उठले असून शनिवारी घरी यायचे आहेत. रुग्णालयाची परिचारिका आधी येऊन घर पाहणार आहे. घर गार आढळल्यास त्यांना शुश्रूषागृहात धाडतील. तिथे एकदा गेलेला आमच्या गल्लीतला एकही माणूस परत आलेला नाही. अर्ल रोज फोनवर विचारतात, "शनिवारी शेंगदाण्याच्या लोण्याचे बिस्किट करशील ना?" मी हो म्हणते. घरात हातमोजे घालून मी हो म्हणते, संचालकसाहेब, आणि हे मी आपणास कधीही माफ करणार नाही.

८. तरी विनंती की, टॉडला लेखी हुकूम द्यावा. काम एका मिनिटाचे आहे. थर्मोस्टॅटला सांगितलेले 'गार' बदलून 'गरम' करायचे आहे, तारेला हातही लावायचा नाही. मर्टल यांच्या मुलीला आपल्या सहीचे पत्र जावे की, आईचे डोके ठिकाणावर आहे. आणि विश्वास बसत नसेल तर आपण स्वतः यावे, कोट काढून माझ्या खुर्चीत बसावे. चहा मी देईन, तो गरम असेल.

९. शेवटची विनंती हात जोडून. हा अर्ज वाचून आपल्या मनाला काही लागलेच, माझी कणव आलीच, तर कृपा करून तिथून तापमान वाढवू नका.

आपली, कोट-टोपीसह घरात बसलेली,
व्हर्ना पेल्की
घर क्र. ७

सोबत : १. यंत्राच्या झाकणातील आकृतीचे छायाचित्र.
२. अर्ल यांच्या खोलीतील तापमापकाचे छायाचित्र. काचेवरचे धुके माझ्या श्वासाचे आहे.