तळ्याकाठच्या वाळूची वाटणी

मी, खाली सही करणारी, आयुष्यभर लोकांचे कपडे शिवून संसार केलेली विधवा, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या पुतण्याला शंका येण्याआधीच तिचं निरसन झालेलं बरं.

१. राहतं घर माझ्या एकुलत्या एका मुलाला द्यावे. गच्ची गळते हे त्याला ठाऊक आहे. आई असेपर्यंत त्याला वेळ झाला नाही, आता मालक म्हणून होईल. बँकेतली शिल्लक त्याला व सुनेला निम्मी-निम्मी.

२. शिलाई मशीन व कात्र्या धाकट्या बहिणीला. मोठी कात्री तिने दरवेळी मागून नेली आणि बोथट करून परत आणली. आता धार तिची तिने लावून घ्यावी.

३. घरामागचं तळं माझ्या एकटीच्या नावे आहे. पुतण्या तिथे मासे धरतो, त्याला माझी ना नव्हती. पण हल्ली माशांच्या नावाखाली पोती भरभरून कासवं व्यापाऱ्याकडे जाऊ लागली. विचारलं तर म्हणाला, "काकू, ढीगभर आहेत, परत होतील की!" अरे शहाण्या, कासवाची मादी अंडी घालण्याच्या वयाला येईपर्यंत तुझ्या तान्ह्या पोराला मिसरूड फुटेल. मोठी मादी पोत्यात गेली की तिची जागा भरून निघत नाही. सबब त्याची परवानगी आजपासून रद्द. माझ्या नवऱ्याने मासे धरायला बनवलेले पिंजरे तो वापरत होता, ते मात्र त्यालाच द्यावेत. त्यांचे तळ मी कापून काढले आहेत. कोंबड्या डालायला उपयोगी पडतील. त्याने राग धरू नये. लहानपणीचे त्याचे सगळे सदरे मीच शिवले आहेत आणि माझी त्याच्यावरची माया अजून उसवलेली नाही.

४. राहिला घर आणि तळं यांच्यामधला वाळूचा पट्टा. मुलाला तिथे फरशी घालून गाडी लावायची आहे. "आई, नुसती वाळू तर आहे!" नुसती वाळू आहे म्हणूनच कासवं तिथे अंडी घालतात. फरशी फोडायला त्यांच्याकडे पहार नाही. म्हणून हा पट्टा, तळ्यासकट, मी सुनेला देत आहे.

तिलाच का, हे मुलगा विचारणार. तर ऐक. लग्न होऊन आल्यापासून तिला वाळूत कासव दिसलं की "बिचारं वाट चुकलं" म्हणत ती ते उचलायची आणि तळ्यात नेऊन सोडायची. हात ओरबाडून घ्यायची, एकदा बोटाला टाके पडले. आम्ही सगळे तिचं कौतुक करत राहिलो. मग एका वर्षी ती माहेरी गेली आणि मी खिडकीतून पाहिलं. मादी वर आली, मागच्या पायांनी खड्डा केला, अंडी घातली, वाळू सारली आणि आपली आपण परत गेली. म्हणजे इतकी वर्षं आमची सून बाळंतपणाला आलेल्यांना दारातून माघारी पाठवत होती!

ती परत आल्यावर मी हे हसत हसत सांगितलं. तिचा हात ताटातच थांबला. "आई, माझ्यामुळे किती वाया गेली हो?" मग मलाही रडू आलं. पण या घरात कासवासाठी चिखलात उतरलेलं माणूस तेवढं एकच आहे, उलट्या दिशेने का होईना.

अट एवढीच की तिने हा पट्टा व तळं विकू नये, तिथे काही बांधू नये. कामही एकच, आणि तिच्या स्वभावाला ते फार जड जाणार आहे. मादी वर येताना दिसली की हात पाठीमागे बांधून गप्प उभं राहायचं.

हे मृत्युपत्र साक्षीदारांनी माझ्यासमोर वाचलं व माझ्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार : औषधांच्या दुकानाचे मालक (सही)
साक्षीदार : शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही, दोन चुका दुरुस्त करून)
लिहून ठेवणार : शिवणवाली काकू (सही)
स्थळ : माझी शिवणाची खोली
दिनांक : ११ जानेवारी

ज्याला मिळकत जाते त्याला साक्षीदार करू नये, असं वकील म्हणाले. त्यामुळे सुनेला यातलं काहीच माहीत नाही. ती आत्ता खिडकीखाली वाकून वाळूतल्या काचा वेचत आहे.