तलाव बुजवायचा नाही

अहो,

पंपाचं गळकं सील बदलून आणायला गेले आहे. मातीवाला आला तर चहा पाजून परत पाठवा. मागच्या अंगणातला पोहायचा तलाव बुजवायचा नाही.

पाणी हिरवं का झालं, ते वहीत सापडलं. क्लोरीन तपासल्याची तुमची नोंद रोज एकच, "ठीक". आई तलावाच्या पायरीवरून घसरल्या आणि आपण दिवसभर दवाखान्यात होतो, त्या दिवशीही "ठीक". तपासायच्या पट्ट्यांची डबी मात्र अजून फोडलेलीच नाही. नुसत्या नजरेनं क्लोरीन ओळखणारा नवरा मिळाला, भाग्य माझं!

त्या दिवसापासून तुम्ही तलावाकडे फिरकत नाही, हेही मला दिसतं. पण तुमच्या आई जमिनीवर चार पावलं टाकताना रडकुंडीला येतात आणि पाण्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातात. यापुढे त्यांच्यासोबत मी उतरेन.

तुम्ही फिल्टर धुवा. पट्टी बुडवा आणि दिसेल तोच रंग वहीत लिहा, कितीही लाज वाटली तरी.

पाणी निवळायला चार दिवस लागतील, असं आईंना सांगितलंय. तरी त्यांनी टॉवेल आज सकाळीच खुर्चीवर काढून ठेवलाय.