बोलणाऱ्या डबीची वाटणी

मी, श्रीमती सुनेत्रा मोहन धैर्यवान, वय एकाहत्तर, राहणार ठाकूरद्वार, गिरगाव, मुंबई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही आग्रहाला बळी न पडता हे मृत्युपत्र करीत आहे. गेली दहा-अकरा वर्षं मला दिसत नाही. समजतं मात्र सगळं, याची माझ्या चिरंजीवांनी नोंद घ्यावी. मजकूर मी स्वतः टाइप केला आहे.

१. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते माझा मुलगा सौमित्र याने टाइप केलं होतं आणि त्यात माझ्या जुन्या कॉम्प्युटरची नोंद 'इतर भंगार' अशी केली होती.

२. राहतं घर सौमित्र आणि सून प्राची यांना समान हिश्शाने. बँकेतल्या ठेवी नात स्पृहाच्या शिक्षणासाठी. पाटल्या प्राचीला. त्या सैल होतात असं ती म्हणते, पण अधूनमधून घालून बघते, हे मला किणकिणीवरून कळतं. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. सौमित्रने मदत करावी, म्हणजे मध्ये येऊ नये.

३. आता ते भंगार. दृष्टी होती तेव्हा मी गिरगावात कॉम्प्युटरचा क्लास चालवत असे, तेव्हाचं हे मशीन. त्यात बोलणारं कार्ड आहे. रोमन अक्षरांतलं मराठी ते साहेबाच्या उच्चारात वाचतं, पण वाचतं, म्हणून दृष्टी गेल्यावरही माझं त्याच्याशी जमलं. पुढे फ्लॉप्यांना बुरशी लागली. तेव्हा लालबागचे बंडू पेडणेकर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, यांनी एक डबी आणून बसवली. सगळ्या फ्लॉप्यांचा मजकूर एका पेनड्राइव्हवर राहतो आणि मशीनला वाटतं, आत खरीच फ्लॉपी आहे. अडचण एकच. कोणती फ्लॉपी लागली आहे ते डबीवरच्या टिचभर पडद्यावर दिसतं. दिसतं! मग मी ओरडायची, "प्राची, कोणती लागलीय गं?" आणि स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "आई, पोळी तव्यावर आहे!"

४. हे मशीन माझे चुलतदीर अप्पा यांना कोणत्याही परिस्थितीत देऊ अथवा विकू नये. ते दादरच्या जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. डबीला वाचा देता येईल का, असं मी सभेत विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, आता मोबाईल बोलतो की. दिसत नसताना जुनं मशीन हवंय कशाला?"

मी म्हटलं, "तुम्हाला दिसतं, भाऊजी. तुम्हाला कशाला हवंय?"

उत्तर अजून आलेलं नाही. माझी आरामखुर्ची त्यांना द्यावी, म्हणजे निवांत विचार करता येईल.

५. माझी सर्व हत्यारं, सोल्डरिंगच्या सामानासह, बंडूला. त्याने डबीला फिरवायचं बटण आणि छोटा स्पीकर लावला, फ्लॉप्यांची नावं स्वतःच्या आवाजात भरली, डोळे मिटून तपासलं आणि जाहीर केलं, "ताई, एकदम झकास!" मग शीवहून त्याच्या खात्यातल्या जुन्या सहकारी लीला करगुटकर आल्या. त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या आणि जन्मापासून अंध आहेत. त्यांनी बटण भराभर फिरवलं. बटण चार फ्लॉप्या पुढे गेलं, तरी डबीचं पहिलंच नाव संपेना.

"बंडू, तुझी डबी मागचंच पुराण सांगतेय. बटण हललं की हिने गप्प बसायचं आणि नवं नाव घ्यायचं."

"मी डोळे मिटून बघितलंय गो!"

"मिटलेस, तरी कुठली लावलीस ते तुला ठाऊक होतंच ना?"

बंडू रुसला. पुढच्या आठवड्यात डबी सुधारून घेऊन आला. तिचे सगळे आराखडे मागेल त्याला फुकट द्यावेत. अप्पांनी मागितले तर त्यांनाही.

६. मशीन आणि डबी लीलाताईंना. सौमित्रला प्रश्न पडेल, म्हणून कारण देते. क्लासच्या मुलांसाठी मी 'शिवडीचं भुयार' नावाचा खेळ लिहिला होता. त्यात चित्रं नाहीत, नुसती वाक्यं. काय करायचं ते आपण टाइप करायचं. लीलाताई हौसेने खेळायला बसल्या आणि दारातच अडकल्या. मशीन म्हणालं, 'अंधार आहे. पुढे जाता येत नाही.'

"सुनेत्राबाई, असं का?"

"तुम्ही मशाल नाही पेटवलीत."

"ते कळलं हो. पण अंधारात पुढे का जाता येत नाही?"

मी तर रोज अंधारातच स्वयंपाकघरात जात होते, बाजारात जात होते. त्याच बैठकीत आम्ही ती अट काढून टाकली. मग लीलाताई भिंतीला हात लावत निघाल्या आणि माझी पंचाईत झाली, कारण मी फक्त दिसणारं भुयार लिहिलं होतं. भिंत कुठे ओलसर, वारा कुठल्या बाजूने, पाऊल कुठे घुमतं, हे सगळं नव्याने लिहावं लागलं. दोघींनी मिळून अर्ध्यापर्यंत आणलं आहे. पुढचं भुयार लीलाताईंनी मनाला येईल तिकडे न्यावं. कोणाला विचारू नये.

सही मी पट्टी धरून केली आहे. ओळ तिरकी गेली असल्यास तशीच राहू द्यावी.

(सही) सुनेत्रा मोहन धैर्यवान

वरील मजकूर आम्हां दोघांपैकी डॉ. सुचित्रा विजयकर यांनी मोठ्याने वाचून दाखवला, बाईंनी दोन ठिकाणी उच्चार सुधारायला लावला आणि आमच्यादेखत सही केली. बंडू पेडणेकर व लीला करगुटकर यांना यातून लाभ होत असल्याने त्यांना साक्षीदार घेतलेलं नाही. ते बाहेरच्या खोलीत बटणावरून भांडत आहेत.

साक्षीदार:
१. (सही) डॉ. सुचित्रा विजयकर, गिरगाव
२. (सही) विनीत राऊळ, परळ

स्थळ: गिरगाव, मुंबई
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५